निरोपाची बारा मिनिटं

(मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना जिथे अडखळले ते इथे नीट केलं आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)

व्यासपीठावरचे आमचे सर, बाई, आणि समोर बसलेल्या, केस रंगवलेल्या व न रंगवलेल्या माझ्या सगळ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

आयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरमधली आहेस, काहीतरी उपयोगाचं बोल. पण पंधरा मिनिटांत." एआयवर बोल, असंही एकाने सुचवलं. मी निवडलेला विषय त्यापेक्षा फार साधा आहे. घरातले दोन-तीन कॉम्प्युटर एकमेकांना कसे जोडायचे आणि एकातल्या फाइली दुसऱ्यात कशा न्यायच्या. तुमच्या चेहऱ्यावर आत्ता काय आलं ते मला इथून दिसतंय. इंजिनिअर झाली, पुण्याला गेली, आणि आम्हाला वायर जोडायला शिकवतेय!

पण आधी एक कबुली द्यायची आहे. ती तुम्हा सगळ्यांसमोरच द्यायला हवी, कारण नुकसान तुमचं झालंय.

फेब्रुवारी १९९७. आपला दहावीचा निरोप समारंभ. प्रत्येकी वीस रुपये वर्गणी काढून आपण गावातल्या फोटो स्टुडिओवाल्या काकांना बोलावलं होतं. खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेऊन ते फिरत होते आणि आपण सगळे केस सारखे करत होतो. नव्वद मिनिटांची एकच व्हीएचएस कॅसेट झाली. ती आमच्या घरी राहिली, कारण आमच्याकडे व्हीसीपी होता. आठवतंय? सुट्टीत तुम्ही आठ-दहा जण येऊन बघून गेलात, आणि आईने चहा करून करून हात टेकले.

२००६ मध्ये माझ्या भावाने त्या कॅसेटवरून दोन सीडी करून घेतल्या आणि त्या सीडी घरच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. मग आम्ही निर्धास्त झालो. कॅसेट माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत गेली आणि पावसाळ्यागणिक तिला बुरशी लागत गेली. सीडी कपाटात होत्या, त्यांच्यावर ओरखडे पडले, पापुद्रे सुटले. राहिला कॉम्प्युटर. २०१३ च्या उन्हाळ्यात एकदा लाइट गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि हार्ड डिस्कमधून टक् टक् असा आवाज यायला लागला. मी ती डिस्क पुण्याला नेली, दोन ठिकाणी दाखवली. दोघांनीही मान हलवली.

त्या काळात मी नोकरीत काय करत होते माहीत आहे? दुसऱ्यांचा डेटा एका जागी बंद पडला तर दुसऱ्या जागी तो तसाच्या तसा मिळाला पाहिजे, हे बघण्याचं काम. त्याचा मला पगार मिळायचा. आणि आपल्या वर्गाची एकुलती एक आठवण मी एका जुन्या डिस्कवर सोडून दिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी तुम्हाला कुणालाच हे सांगितलं नाही. कुणी विचारलं तर "आहे, घरी आहे" म्हणायचे.

आता दुसरा भाग. २०१२ च्या दिवाळीत मी जालन्याला आले होते. भाचा तेव्हा आठवीत होता. त्याला नवा लॅपटॉप मिळाला होता आणि "आत्या, हा त्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडता येतो का?" म्हणून तो मागे लागला. मी त्याला एक वायर दिली, दोन ठिकाणी काय क्लिक करायचं ते दाखवलं. जोडणी चालते का हे बघायला त्याने एक फाइल ओढून घेतली. निरोप समारंभाच्या सीडीचे तुकडे होते, त्यातला त्याच्या आवडीचा तुकडा, आत्या भाषण विसरते तो. पुढची दहा वर्षं मला चिडवायला! दहा-बारा सेकंदांत फाइल गेली. आम्ही फराळाला उठलो आणि विसरून गेलो.

२०१९ मध्ये तो लॅपटॉप भंगारात द्यायच्या आधी त्याने आतलं सगळं तपासलं. 'टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये ती फाइल सापडली. नव्वद मिनिटांपैकी बारा मिनिटं.

त्या बारा मिनिटांत मुख्याध्यापक सरांचं भाषण आहे, तेही अर्ध्यातून सुरू होणारं. मी आहे, तिसऱ्या वाक्याला गप्प झालेली. आणि कॅमेरा मुलींच्या रांगेकडे वळतो तेव्हा सात-आठ सेकंद आपली ती मैत्रीण आहे, जी आज आपल्यात नाही. ती हसत नाहीये. माझं भाषण तिला पाठ होतं आणि ती ओठांनी मला पुढचं वाक्य सांगतेय. मी ती फाइल तिच्या आईला नेऊन दिली. त्यांच्याकडे तिचे फोटो आहेत, पण हलताना, बोलताना दिसणारी ती फक्त या सात-आठ सेकंदांत आहे.

उरलेली अठ्ठ्याहत्तर मिनिटं गेली. त्यात मराठीच्या बाईंचं गाणं होतं. हजेरीप्रमाणे एकेकाचं नाव पुकारून गुलाबाचं फूल दिलं, ते होतं. सगळे होते. त्याबद्दल मी आज तुमची माफी मागते. आणि माफी मागून थांबायचं नाही म्हणून हा विषय घेतला.

कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची आज आपण वापरतो ती पद्धत का सुचली, त्यामागे काही फार थोर कारण नव्हतं. १९७३ साली अमेरिकेत, पालो अल्टोच्या झेरॉक्स संशोधन केंद्रात, प्रत्येकाच्या टेबलावर कॉम्प्युटर यायला लागले होते आणि सगळ्यांना छापायचं होतं एकाच लेझर प्रिंटरवर. म्हणून बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी एका केबलवर सगळ्यांना जोडायची पद्धत काढली. तिचं नाव इथरनेट. आज तुमच्या राउटरच्या मागे जी वायर खोचता तिची ती आजी. आपल्या महाराष्ट्रात १९८० च्या दशकात अर्नेट प्रकल्प सुरू झाला, तेव्हा मुंबईतल्या जुहूच्या एनसीएसटी संस्थेचा आणि पवईच्या आयआयटीचा कॉम्प्युटर साध्या टेलिफोन लाइनवरून जोडून पत्रांची देवाणघेवाण झाली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपण नववीत होतो तेव्हा. आपल्यापर्यंत ती बातमीसुद्धा आली नव्हती. आपल्या शाळेत एक कॉम्प्युटर होता, त्याच्यावर कापडी खोळ होती आणि त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. देवाला लांबून नमस्कार करावा तसा आपण त्याला केला.

मी जोडणी शिकले ती इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, तेव्हाच्या औरंगाबादला. आमचा प्रोजेक्ट वीस एमबीचा. फ्लॉपी मावणार १.४४ एमबी. म्हणजे चौदा फ्लॉपी, आणि त्यातली एक हमखास खराब निघायची. मग सगळं पहिल्यापासून. शेवटी शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरला माझा जोडायचा असं आम्ही ठरवलं. दोन कार्डं आणली आणि वायर खिडकीतून बाहेर काढून तिच्या खिडकीतून आत घेतली. चालेना. दोन रात्री गेल्या. तेव्हा कळलं की त्या वायरीत एक जोडी बोलायची असते आणि एक ऐकायची. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर एकाची बोलण्याची जोडी दुसऱ्याच्या ऐकण्याच्या जोडीला लागली पाहिजे, नाहीतर दोघंही एकाच वेळी बोलत राहतात आणि ऐकत कुणीच नाही. सासरी-माहेरी आपण हे पाहिलेलं असतं, पण वायरीत ते असेल असं वाटलं नव्हतं. एका टोकाच्या तारांची अदलाबदल केली आणि तिच्या कॉम्प्युटरचं नाव माझ्या स्क्रीनवर आलं. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नाही.

आता ही कटकट राहिलेली नाही. वायर उलटी की सुलटी हे आजची यंत्रं स्वतःच ओळखतात. आणि बहुतेकांना वायरही लागत नाही, कारण घरात वायफायचा डबा आहे. त्या डब्याला आपण इंटरनेटचा डबा म्हणतो. खरं तर तो दोन कामं करतो. एक, घराला बाहेरच्या जगाशी जोडतो. दोन, घरातली यंत्रं एकमेकांशी जोडतो. दुसरं काम तो इंटरनेट बंद पडलं तरी करतो, रिचार्ज संपला तरी करतो. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो एक नंबर देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो जुन्या वाड्यातल्या खोलीच्या नंबरासारखा असतो. "तीन नंबरच्या खोलीत" म्हटलं की वाड्यात सगळ्यांना कळतं, वाड्याबाहेर त्याला अर्थ नाही. म्हणूनच तुमच्या घरी आणि माझ्या घरी तोच नंबर असला तरी भांडण होत नाही.

आता करायचं काय, ते सांगते. एवढं लिहून घ्या.

दोन्ही कॉम्प्युटर एकाच वायफायवर आणा. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पब्लिक आणि प्रायव्हेट असे दोन पर्याय असतात, तिथे घरात असाल तरच प्रायव्हेट निवडा. लॉजवर, स्टेशनवर, हॉस्पिटलात कधीच नाही. मग ज्या कॉम्प्युटरमध्ये फोटो आहेत त्यावर एकच फोल्डर करा, नाव द्या 'घर'. त्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. कुणाला उघडता यावं ते तिथे निवडा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पहिल्या कॉम्प्युटरचं नाव टाइप करा. तो नाव-पासवर्ड मागेल, तो पहिल्या कॉम्प्युटरचा द्या. फोल्डर दिसेल. आता फाइली ओढा. संपलं. अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरवरूनही हेच फोल्डर उघडता येतं आणि लिनक्सवरूनही. आयफोनमध्ये 'फाइल्स'मध्ये सर्व्हरला जोडायची सोय आहे. अँड्रॉइडच्या काही फाइल मॅनेजरमध्ये 'नेटवर्क' नावाचा कप्पा असतो.

कुणी म्हणेल, व्हॉट्सअ‍ॅप आहे ना! आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला की तो आकसतो. दहा जणांनी पुढे पाठवलेला आपल्या वर्गाचा फोटो बघा, मागच्या रांगेतले चेहरे म्हणजे नुसते डाग झालेत. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तो मूळचा राहतो. आणि मोठ्या साठ्याचं काय? समजा तुमच्याकडे पन्नास जीबी फोटो-व्हिडिओ आहेत. सेकंदाला वीस मेगाबिट वर पाठवणाऱ्या इंटरनेटवरून ते चढवायचे तर साधारण साडेपाच तास. घरातल्या घरात, चांगल्या राउटरला दोन्ही कॉम्प्युटर वायरने जोडले तर आठ-दहा मिनिटं. लाइट जायच्या आत होण्यासारखं काम आहे.

आता तीन धोके. पहिला, पासवर्ड. फोल्डर सगळ्यांना मोकळं सोडू नका. वायफायचा पासवर्ड शेजारच्या पोरांना दिलेला असतो, म्हणजे तेही तुमच्या वाड्यातच आले की! दुसरा, जुनं विंडोज. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि सोडवायला पैसे मागितले. तो पसरला याच वाटेने, फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीतल्या एका भोकातून. भोक बुजवणारं अपडेट दोन महिने आधीच आलेलं होतं, लोकांनी घेतलं नव्हतं. तेव्हा अपडेटला "नंतर" म्हणू नका. तिसरा धोका माझ्या मते सगळ्यात मोठा. जोडलेलं म्हणजे जपलेलं नव्हे. दोन्हीकडे आपोआप सारखं ठेवणारी सोय लावलीत आणि नातवाने इकडे फोल्डर पुसलं, तर तिकडूनही पुसलं जातं. म्हणून जोडणीचा उपयोग नक्कल करायला करा, आणि एक नक्कल अशी ठेवा की जी कशालाच जोडलेली नाही. बाहेरची हार्ड डिस्क, काम झालं की काढून दुसऱ्याच्या घरी.

हे नक्कल करण्याचं शहाणपण आपल्या मातीला नवं नाही. समर्थ रामदास आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. त्यांचं लेखन आपल्यापर्यंत आलं ते मठामठांत शिष्यांनी हाताने उतरवून घेतलं म्हणून. पुढे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव हिंडून ती बाडं गोळा केली. एकाच मठात एकच पोथी असती तर तिला वाळवी लागायला एक पावसाळा पुरला असता.

आणि पोथीही राहू द्या, पाण्याचं बघा. जालनेकराला साठवण शिकवायची गरज आहे का? नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून आपल्या आयांनी काय केलं? हौद भरला, टाकी भरली, पिंप भरलं, घागर भरली, शेवटी पातेलीसुद्धा भरली. २०१३ च्या उन्हाळ्यात जिल्हा टँकरवर जगत होता तेव्हा माझ्या आईने घरातलं एक भांडं रिकामं ठेवलं नव्हतं. एकाच भांड्यात सगळं पाणी ठेवावं असं तिला कधी सुचलंच नसतं. आणि त्याच उन्हाळ्यात, त्याच घरात, शेजारच्या खोलीत, मी आपली नव्वद मिनिटं एकाच भांड्यात ठेवली होती. भांडं फुटलं.

आपला जिल्हा १ मे १९८१ चा. आपण बहुतेक जण त्याच्याच वयाचे. म्हणजे आपल्या लहानपणाचे फोटो कागदावर आहेत, तरुणपणाचे रोलवर आणि सीडीवर, आणि गेल्या पंधरा वर्षांचे फोनमध्ये. हे सगळे प्रकार अनुभवलेली आपली पिढी. आपल्या मुलांना कागदाचा अल्बम नको असतो, आणि आपल्या आईवडलांना फोनमधला दिसत नाही. मधला दुवा आपण. ज्याच्या फोनमध्ये जे आहे ते त्याच्या एकट्याकडेच राहिलं तर त्याचं माझ्या कॅसेटसारखं होणार.

म्हणून बोलणं थांबवते आणि कामाला लावते. हॉलच्या बाहेर, जुन्या प्रयोगशाळेच्या खोलीत, मी एक राउटर आणि चार लॅपटॉप मांडले आहेत. इंटरनेट नाही, मुद्दामच नाही लावलं. तुमच्याकडचे शाळेचे फोटो, पेन ड्राइव्हवर असोत, फोनमध्ये असोत, कागदावर असोत, घेऊन या. कागदी फोटो तिथेच काढून घेऊ आणि लगेच परत देऊ. सगळं एका फोल्डरमध्ये जमेल आणि जाताना ज्याला हवं त्याने पूर्ण नक्कल घेऊन जायचं. तीन नक्कला पक्क्या ठरल्या आहेत. एक शाळेच्या कपाटात, एक जालन्यातल्या मित्राकडे, एक पुण्याला माझ्याकडे. कुणाला आपला एखादा फोटो त्यात नको असेल तर मोकळेपणाने सांगा, काढून टाकू. आणि गुरुजनांना एक विनंती. तुम्ही जरा वेळ आमच्याजवळ बसा आणि चेहरे ओळखून नावं सांगा. चेहरा टिकवणं मशीनला जमेल, पण मागच्या रांगेत डावीकडून चौथा कोण, हे तुम्हालाच माहीत आहे.

ती बारा मिनिटंही तिथे ठेवली आहेत. मी भाषण विसरते ते बघून हसायला हरकत नाही. फक्त त्यानंतर लगेच उठू नका, सात-आठ सेकंद थांबा.

तेव्हा विसरलेलं वाक्य मला आता आठवतंय. "या शाळेने आम्हाला जे दिलं ते आम्ही जपून ठेवू." एवढंच होतं. सत्तावीस वर्षं उशीर झाला.